कान तुटलेला कप

वहिनींचा फोन आला तेव्हा मी संग्रामपूरच्या शाळेत परिपाठ घेत होते. "ताई, लवकर या वो… यायले रक्ताची उलटी झाली." पुढचं मला ऐकूच आलं नाही. नांदुऱ्याला पोहोचेपर्यंत दादा गेला होता. आता महिना उलटला, तरी फोन वाजला की मी आधी नाव बघते, वहिनींचं तर नाही ना.

दादा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. तरुणपणी मशीनमध्ये हात सापडला तेव्हा त्याला रक्त चढवलं होतं. त्यातूनच आला की काय कोण जाणे, पण हिपॅटायटिस सी वर्षानुवर्षं आत दडून बसला आणि कळला तेव्हा लिव्हर पार कडक झालं होतं. सिरॉसिस म्हटल्यावर लोकांनी लगेच दारू चिकटवली… पंचशील पाळणाऱ्या माझ्या भावाला! दादाला त्याचं काही नव्हतं. त्याची भीती वेगळीच, आपल्यामुळे घरच्यांना होईल ही. डॉक्टरांनी बजावलं होतं की हा आजार रक्तातून पसरतो, वस्तरा आणि ब्रश वेगळे ठेवा, उष्ट्या कपाने काही होत नाही. दादाने तिन्ही वेगळे केले. निळ्या फुलांचा एक कप खिडकीत एकटा राहू लागला. आणि तोही आमच्या घरात! आमच्या आजाला हॉटेलाबाहेर, वेगळ्या ठेवलेल्या कपात चहा मिळायचा. म्हणून त्याचा दंडकच होता, "आपल्या घरात कोनाचाच कप येगळा राह्यनार नाही." तो दादाने मोडला, तोही स्वतःसाठी.

सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या त्याने एकही न चुकवता घेतल्या. रिपोर्ट आला, रक्तात विषाणू नाही. मी हरखून गेले. डॉक्टर मात्र म्हणाले, "विषाणू गेला, लिव्हर पहिल्यासारखं होणार नाही. तपासणीला येत राहा." घरी आल्यावर मी मुद्दाम त्याचा उष्टा कप उचलला.

"ठेव तो! मराचं हाय काय तुले?" त्याने हातावर फटका मारला. कप पडला, कान तुटला. जन्मात मला टपलीही न मारलेल्या दादाने तो उचलून परत खिडकीत ठेवला.

"गेला ना रे तो. तपासनीच्या मशीननं सांगतलं."

"मशीनले काय मालूम? माह्यं भेव कोठी गेलं?"

पुढे प्रत्येक सोनोग्राफीच्या आदल्या दिवशी तो धास्तीने जेवायचा नाही, आणि मीही. शेवटी लिव्हरपायी अन्ननलिकेत फुगलेली शीर फुटली, आणि सगळी राखण तिथेच संपली.

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला माणसं जमली, कप कमी पडले. मी खिडकीतला तो बिनकानाचा कप घेतला, चहा ओतला, तोंडाशी नेला… आणि हात थांबला. सगळ्यांना समजावत फिरणारी मी, खरोखर घाबरले. दादा रोज, घोटाघोटाला, असा जगला होता तर.

वहिनी बघत होत्या. "प्या वो ताई," त्या हळूच म्हणाल्या. "मी तं पयलेपासून याच्यातच चहा घेतला… हे कामावर गेले का. यायले कधी सांगतलं नाही. भेले असते."