धाडच्या बाजारात मांडलेली गाडी

शेगावच्या स्टेशनाबाहेर प्रतिभाने गाडीचं दार उघडलं आणि आतून एक बूट, अर्धी पाण्याची बाटली आणि सुकलेलं गाजर माझ्या पायावर पडलं.

"अगं बाई! हे काय?" मी ओरडलेच.

"गाडी आहे. बस," ती म्हणाली.

बस काय बस? बसू कुठे? पुढच्या सीटवर छत्री, बँकेच्या फायली, एका पायाचा मोजा आणि चक्क कुकरची शिट्टी! कॉलेजच्या हॉस्टेलवर आम्ही एका खोलीत राहायचो, तेव्हा ही बाई चादरीला सुरकुती पडू देत नसे. आता ती बुलढाण्यात बँकेत नोकरी करते, नवरा सैन्यात, म्हणून सासरे आणि सहा वर्षांची लेक ओवी ही सगळी जबाबदारी हिच्या एकटीवर. पण म्हणून इतकं? माझ्या पुण्याच्या गाडीत मी साधा कागदाचा कपटा राहू देत नाही.

मागे पसाऱ्यात मान टेकून ओवी बसली होती. तिच्या उजव्या कानामागे गुलाबी रंगाचं श्रवणयंत्र होतं. डाव्या कानाने तिला अजिबात ऐकू येत नाही. हे यंत्र लागलं तेव्हा कुठे पोरगी बोलायला लागली, हे प्रतिभाने फोनवर रडत रडत सांगितलं होतं. म्हणून मी एकेक शब्द सुटा करून मोठ्यांदा विचारलं, "ओवी! कशी! आहेस!" ती नुसती टक लावून बघत राहिली.

कचोरी खाल्ली आणि निघालो. हात पुसायला रुमाल मागितला तर प्रतिभाने न बघता सीटखाली हात घालून ओवीचा बाळपणीचा लंगोट काढून दिला! खामगाव सोडून बोथ्याच्या घाटात शिरलो. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, कठड्यावर ओळीने बसलेली वानरं. पण माझं लक्ष कुठलं जंगलात? प्रत्येक वळणावर मागून काहीतरी गडगडत यायचं आणि मी दचकायची.

रात्री बुलढाण्याला कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि हिरव्या वांग्यांचं भरीत. ते जेवून मी गाडीला मनातल्या मनात माफ करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी धाड गावचा आठवडी बाजार. सासऱ्यांचं, म्हणजे आबांचं, शेत तिकडेच. तरुणपणापासून त्यांनी याच बाजारात माळवं (भाजीपाला) विकलेलं. "चाल पोरी, तुले आमचा बाजार दाखवतो," म्हणून त्यांनीच मला ओढून काढलं. वाटेत ओवीचा डोळा लागला. लिंबाखाली गाडी थांबली तशी ती उठली, तिने कानामागे हात नेला आणि तिचं तोंड रडवेलं झालं.

कान रिकामा होता.

"उतरा. सगळे उतरा. पाय जपून," प्रतिभा म्हणाली. त्या यंत्राचा साचा ओवीच्याच कानाच्या मापाचा. हरवलं तर दुसरं येईपर्यंत काही महिने, आणि तोवर पोरीचं ऐकणं बंद, बोलणं बंद.

डिकीतली चादर तिने जमिनीवर अंथरली आणि एकेक वस्तू काढून मांडायला सुरुवात केली. रेनकोट. तुटकी कंपासपेटी. संक्रांतीचा तिळगूळ तळाला चिकटलेला डबा. जयंतीच्या मिरवणुकीतला छोटा निळा झेंडा. आबांचा हरवलेला चष्मा. ओवी दोन वर्षांची असतानाची लोकरीची टोपी. एवढं सगळं एका गाडीत मावतं? मी थक्क झाले होते.

"यंत्र झाकलं गेलं ना, की बारीक शिट्टी वाजते त्याची. कान देऊन ऐका," प्रतिभा म्हणाली.

ऐकणार काय, कपाळ! शेजारी उंदराच्या औषधाचा भोंगा किंचाळत होता.

तेवढ्यात एक बाई वाकली आणि तिळगुळाचा डबा उचलून म्हणाली, "हा कितीले देता?"

"विकायला नाहीये!" मी किंचाळले. बाई गेली तर दोन पुरुष येऊन छत्री उघडून बघायला लागले. शेवटी आबांना चादरीपाशी उभं केलं आणि आम्ही दोघी आत शिरून सीटच्या फटी उचकू लागलो.

फटीत नाही. पायपुसण्याखाली नाही. घामाघूम होऊन बाहेर आलो, तर आबा दहाची नोट कपाळाला लावत होते.

"आबा, हे काय?" प्रतिभाने विचारलं.

"टोपी गेली. पयलंच गिऱ्हाईक होतं माय, लेकराले थंडी वाजून राह्यली होती. बोहनीचं गिऱ्हाईक वापस कसं धाडू?"

डोक्याला हात लावावा की हसावं, कळेना. पण ओवी आईचा पदर ओढत होती. तिने टोपीच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं, मग दोन्ही तळवे गालाखाली धरून मान कलती केली. ती त्याच टोपीवर डोकं ठेवून झोपली होती.

"दहा रुपयाले माह्या नातीचा कान इकला म्या!" असं म्हणून आबा मटकन खाली बसले. मी आयुष्यात म्हाताऱ्या माणसाचा असा चेहरा पाहिला नव्हता.

"कुणाला विकली? आबा, सांगा ना!"

"हिरवं लुगडं. जीपकडं गेली."

पसारा तसाच टाकून आम्ही धावलो. मेथीच्या जुड्या, तुरीच्या शेंगांचे ढीग, कुणाचं तरी टोपलं लाथाडत. जीप भरली होती, ड्रायव्हर सुरू करायच्या बेतात होता. पण आतली माणसं एका कोपऱ्यापासून लांब सरकून बसली होती आणि त्या कोपऱ्यात हिरव्या लुगड्यातली बाई मांडीवरच्या बाळाकडे डोळे फाडून बघत होती.

"बाप्पा! माह्या पोराचं डोकं वाजून राह्यलं हो!"

प्रतिभाने हात पुढे केला, टोपीची लोकरीची घडी उलटली आणि गुलाबी यंत्र तिच्या तळहातावर पडलं. ती तिथेच, भर रस्त्यात, ढसाढसा रडली. मीही रडले.

टोपी तिने बाळाच्या डोक्यावर पुन्हा चढवली. मागून ओवीचा हात धरून धापा टाकत आलेले आबा दहाची नोट परत देऊ लागले, तर बाई घेईना. "तुमची बोहनी हाय बाबा. ठेवा," म्हणाली.

ओवीने यंत्र कानात बसवलं आणि क्षणभर डोळे मिटून घेतले. मला राहवेना. मी वाकून जीव तोडून ओरडले, "ओवी! ऐकू! येतं! का!"

"हो मावशी," ती म्हणाली. "ओरडू नको नं. मले ऐकू येते."

अख्खी जीप खो खो हसली.

परत येऊन पाहतो तर चादरीवरची एकही वस्तू हललेली नव्हती. उंदराच्या औषधवाल्याने भोंगा बंद करून राखण केली होती. सगळं पुन्हा गाडीत कोंबलं, मी स्वतः दोन हातांनी कोंबलं. परतीच्या वाटेवर ओवीने विचारलं, "मावशी, तुह्या गाडीत काय काय हाय?"

"काहीच नाही गं. एकदम स्वच्छ."

तिला ते पटलंच नाही. "काहीच नाही? मंग काही हरवलं तर पाहतं कुठं?"



पुण्याच्या ट्रेनमध्ये बसल्यावर तिकिटासाठी पर्स उघडली, तर आत यंत्राच्या बारक्या बॅटऱ्यांचं पाकीट. प्रतिभाला फोन लावला. मागून ओवीच बोलली, "ते तुह्या गाडीत ठेव. मी येईन तवा लागंल."

ते पाकीट आता माझ्या गाडीच्या पुढच्या खणात आहे. त्याच्या शेजारी परवा मी एक लोकरीची टोपी आणून ठेवली.