पोलीस यायला किती वेळ लागतो

ती घटना मी विसरलेलो नाही. विसरायचा प्रयत्न मात्र पुष्कळ केला. सव्वीस वर्षं पोलीस खात्यात काढली, त्यातली शेवटची बारा डिटेक्टिव्ह म्हणून. त्या काळातले दरोडे, मारामाऱ्या, अपघात आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठला चोर कुठल्या वर्षीचा, हे विचारलं तर सांगता येणार नाही. ही केस तेवढी वेगळी राहिली. खरं तर हिच्यात कोणी मेलं नाही, कोणाला साधं खरचटलंही नाही.

वडिलांच्या नोकरीमुळे मी अकराव्या वर्षी अमेरिकेत आलो. आई घरात मराठीच बोलायची आणि रविवारी शुद्धलेखन घालायची, म्हणून आज हे लिहू शकतो. पोलिसात जातो म्हटल्यावर वडील महिनाभर माझ्याशी बोलले नव्हते. नोकरी झाली ती नॉर्थ कॅरोलायनात, मॉरिसव्हिलच्या आसपासच्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. पुण्या-नागपूरची आयटीतली मंडळी तिथे भराभर येऊ लागली, तसं ठाण्यात 'इंडियन' म्हणून जे काही यायचं ते माझ्या टेबलावर येऊन पडायचं. मला तेलुगू येत नाही, हे आमच्या सार्जंटला शेवटपर्यंत पटलं नाही.

२००७ सालचा पानगळीचा मोसम होता. त्या वर्षी पाऊस फार कमी झाला. लॉनला पाणी घालायला बंदी होती आणि गावातली तळी आटत चालली होती. एका सकाळी कुत्रा फिरवणाऱ्या बाईचा ठाण्यात फोन आला. अपार्टमेंटच्या मागच्या तळ्यात, काठाजवळच्या चिखलात एक गाठोडं दिसतंय, आणि कापड फाटून त्यातून पिस्तुलाची मूठ बाहेर आली आहे.

आमचे दोन अंमलदार गेले, फोटो काढले, गाठोडं आणून मुद्देमालाच्या टेबलावर उघडलं. पांढऱ्या सुती कापडात एक नऊ मिलिमीटरचं पिस्तूल, एक नारळ, एक सुपारी, कुजलेली फुलं आणि काही पानं. पिस्तुलाच्या खाचांमध्ये लाल काहीतरी घट्ट बसलं होतं. सगळ्यांना ते रक्त वाटलं. एका तरुण अंमलदाराने जादूटोण्याचा संशय व्यक्त केला आणि दोघातिघांनी मान डोलावली. मग सार्जंटने माझ्याकडे बघितलं.

मी वाकून पाहिलं. लाल होतं ते कुंकू. फुलं झेंडूची होती. पानं इथे अंगणाअंगणात असणाऱ्या रेडबड झाडाची. आपटा इकडे मिळत नाही, म्हणून आमची मराठी मंडळी दसऱ्याला हीच बदामाच्या आकाराची पानं 'सोनं' म्हणून वाटतात. ते गाठोडं म्हणजे निर्माल्य होतं. खंडेनवमीला कोणीतरी पिस्तुलाची पूजा केली होती आणि पूजेची फुलं जशी पाण्यात सोडतात तसं ते रीतसर पाण्यात सोडलं होतं. सार्जंटला हे समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. सगळं ऐकून तो म्हणाला, "म्हणजे यांनी पिस्तुलाचा अंत्यविधी केला?" मी म्हटलं, जवळजवळ तसंच.

पाण्यात राहिल्याने ठसे मिळाले नाहीत. पिस्तुलावरच्या नंबरावरून दुकान मिळालं, दुकानावरून मूळ गिऱ्हाईक मिळालं. तो गृहस्थ नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात गेला होता. फोनवर म्हणाला, "जाताना मी ते ऑफिसातल्या एका इंडियन माणसाला विकलं. नाव मला उच्चारता यायचं नाही, त्यामुळे लक्षातही राहिलं नाही." विकताना त्या माणसाचं पिस्तूल घेण्याचं परमिट बघितलं होतं का, असं विचारल्यावर त्याने मीटिंगचं कारण सांगून फोन ठेवला. त्या ऑफिसात आमचे लोक इतके होते, की एकेकाला विचारत बसलो असतो तर मी तिथेच रिटायर झालो असतो.

म्हणून मी कंट्रोल रूमची नोंदवही काढली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्याच अपार्टमेंटमधून गोळीच्या आवाजाची तक्रार आली होती. गस्तीची गाडी गेली, चार दारं वाजवली, कोणी काही बोललं नाही, आणि अंमलदाराने 'तथ्य आढळले नाही' असा शेरा मारला. तळ्याच्या बाजूच्या त्या इमारतीत मराठी आडनाव एकच होतं.

दार एका बाईने उघडलं. तिशीच्या आतबाहेरची, मूळची नागपूरची. मी मराठीत बोललो तशी ती क्षणभर खूश झाली आणि लगेच घाबरली. आत तिचा नवरा होता, त्या दिवशी घरून काम करत होता. सोफ्यावर त्याचे वडील होते, सहा महिन्यांसाठी पाहुणे म्हणून आलेले, निवृत्त पोस्टमास्तर. सहा वर्षांची मुलगी शाळेत गेली होती. चहा आला. आमच्या लोकांच्या घरी चौकशीला गेलं की हा चहा येतोच. तो घेतला तर पुढचे प्रश्न जड जातात, आणि नाकारला तर समोरचा माणूस मिटतो. मी नेहमी घेत असे.

गोळीच्या आवाजाबद्दल विचारल्यावर नवरा म्हणाला, "सर, आम्ही काही ऐकलं नाही. त्या दिवशी सगळे झोपलेलो होतो."

मी मान हलवली आणि खोलीभर नजर फिरवली. मागच्या सरकत्या काचेच्या दाराला लाकडी चौकट होती, क्रीम रंगाची. तिच्यावर माझ्या खांद्याच्या उंचीला नाण्याएवढा एक डाग होता, पांढरा आणि किंचित हिरवट. इथे भाड्याच्या घरात राहिलेल्या प्रत्येक देशी माणसाला ही युक्ती ठाऊक असते. घर सोडताना डिपॉझिट कापू नये म्हणून भिंतीतली खिळ्यांची भोकं टूथपेस्टने बुजवायची. मीही विद्यार्थी असताना ते केलं आहे. जवळ गेलो तर पेपरमिंटचा वास आला.

"इथे खिळा कशाला ठोकला होता?" मी विचारलं.

नवऱ्याने लॅपटॉप मिटला. मग म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले. "साहेब, ती बंदूक माझी आहे."

"कुठून घेतलीत?"

"नागपूरहून आणली."

"विमानातून?"

"हो."

"हँडबॅगेत की चेक-इनमध्ये?"

त्यांनी सुनेकडे बघितलं. सुनेला रडू फुटलं.

तिघांनाही ठाण्यात यावं लागलं. म्हाताऱ्यांना मी त्यांचे हक्क मराठीत सांगितले. गप्प राहण्याचा अधिकार आहे, बोलाल ते तुमच्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं. ते म्हणाले, "म्हणजे बोलूच नको म्हणतोस का? मग इथे आणलंस कशाला?" त्यानंतर त्यांनी सगळं सांगितलं.

खंडेनवमीला मुलाने पूजेत लॅपटॉप ठेवला, गाडीची किल्ली ठेवली आणि शेवटी कपाटातून पिस्तूल आणून ठेवलं. घरात ही वस्तू आहे हे त्यांना तेव्हाच कळलं. शस्त्राची पूजा करायची असते, म्हणून त्यालाही हळदकुंकू वाहिलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रोजच्यासारखे पहाटे उठून ते फिरायला गेले. पुढच्या दाराची किल्ली घेतली नव्हती. सगळ्यांची झोपमोड नको, म्हणून जाताना नुसतं लोटून ठेवलेलं मागचं सरकतं दार परतताना हळूच ढकललं. डोक्याला मफलर गुंडाळलेला होता.

"काच सरकली आणि समोर तो उभा," ते म्हणाले. "हातात ते. मी 'अरे' म्हणालो, तेवढ्यात आवाज झाला. कानाजवळून काहीतरी गेलं. तो माझ्याकडे बघत होता, पण ओळखत नव्हता. माझा मुलगा, आणि मला ओळखत नव्हता."

दुपारी सगळे कामाला गेल्यावर त्यांनी पिस्तूल कपाटातून काढलं, पूजेच्या निर्माल्यात बांधलं आणि लख्ख उजेडात, चार माणसांच्या देखत तळ्यात सोडलं. मी विचारलं, कचऱ्यात का नाही टाकलंत? ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच मूर्ख होतो. "पूजा केलेली वस्तू कचऱ्यात कशी टाकणार?"

आता मुलाची पाळी होती. कामाच्या व्हिसावर असलेल्या माणसाला इथे बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचं लायसन्स असेल तर गोष्ट वेगळी, पण या गृहस्थाने आयुष्यात झुरळ मारलं असेल तर शपथ. गुन्हा साधा नव्हता. ग्रीनकार्डचा अर्ज सरकारकडे विचाराधीन होता. केस उभी राहिली तर नोकरी, घर, मुलीची शाळा, सगळंच जाणार होतं. हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. वकील देता येईल, हे मी दोनदा सांगितलं. तो नको म्हणाला.

"का घेतलंस?" मी विचारलं. हा प्रश्न मी आयुष्यात अनेकांना विचारला आहे. पिस्तूल बाळगणारी माणसं बहुतेक साधीच असतात. गॅस स्टेशनवाला असतो, रात्रपाळीची नर्स असते, एकटी राहणारी म्हातारी असते. त्यांची उत्तरं मला पाठ होती. याचं नव्हतं.

"सर, आमच्या फ्रेंडच्या घरी आदल्या वर्षी दिवाळीत रॉबरी झाली ना. दिवसाढवळ्या. देशी लोक घरात सोनं ठेवतात, हे त्यांना माहीत होतं. वहिनींना बाथरूममध्ये बांधून ठेवलं होतं."

ती केस मीच पाहिली होती. मी मान हलवली.

"त्यानंतर मराठी मंडळाच्या हॉलमध्ये तुमचं सेफ्टीवर लेक्चर झालं. मी तिसऱ्या रांगेत होतो. मीच क्वेश्चन विचारला होता, नाइन वन वन केल्यावर पोलीस यायला किती वेळ लागतो. तुम्ही म्हणालात, सात-आठ मिनिटं."

मला तो माणूस आठवला नाही. उत्तर आठवलं. मी खरं तेच सांगितलं होतं. त्यानंतर कुलुपं, दिवे, अलार्म, शेजाऱ्यांशी ओळख, यांवर अर्धा तास बोललो होतो आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या होत्या.

"घरी आलो," तो म्हणाला, "आणि मायक्रोवेव्हवर सात मिनिटं लावली. खुर्ची ओढून समोर बसलो. बायको म्हणाली, काय गरम करतोस? मी म्हटलं, काही नाही. तुम्ही एकदा बसून बघा, काका. सात मिनिटं फार मोठी असतात. त्यात काय काय होऊ शकतं, ते सगळं मी बघितलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तो माणूस पिस्तूल विकतोय असं कळलं."

इतका वेळ मी 'सर' होतो. तो कधी 'काका'वर आला, हे त्याच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. मी पेन खाली ठेवलं. लाज वाटली, आणि कशाची वाटली हे नीट सांगताही येईना. मी खोटं बोललो नव्हतो. त्याने विचार केला नव्हता असंही नाही. फक्त त्या सात मिनिटांच्या हिशेबात वडिलांचा मफलर आणि पहाटेचं फिरणं आलं नव्हतं.

जबाब मी लिहून घेतला, शब्द न् शब्द. काही वगळावं असं एकदा मनात आलं, हे कबूल करतो. वगळलं नाही. सरकारी वकिलाने पुढे खटला भरला नाही. म्हाताऱ्यांचा जबाब वाचून त्यालाही काहीतरी झालं असावं. पण मुलाच्या अटकेची नोंद झाली ती झाली. ग्रीनकार्डचा अर्ज त्यावर अडकला, कंपनीने हात वर केले आणि पुढच्या उन्हाळ्यात ते कुटुंब नागपूरला परत गेलं. जाण्याआधी म्हातारे ठाण्यात येऊन मला भेटले. "तू तुझं काम केलंस," म्हणाले आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

माणूस बंदूक का घेतो, यावर इथे सगळे तावातावाने बोलतात. दोन्ही बाजूंचं ऐकून मी थकलो आहे. मला जे दिसलं ते एवढंच. घेणारा माणूस परक्याला मारायला ती घेत नाही. मदत येईपर्यंतचा वेळ एकट्याने काढावा लागेल, या भीतीने घेतो. ती भीती खोटी नसते. पण बंदूक घरात आली की मागच्या दारातून येणारा प्रत्येक जण परका दिसू लागतो.

ते गेले त्याच वर्षी, दिवाळीच्या आधी, मंडळाने मला पुन्हा बोलावलं. पुन्हा तोच हॉल, त्याच खुर्च्या. पहिलाच प्रश्न आला, पोलीस यायला किती वेळ लागतो? मी म्हटलं, सात-आठ मिनिटं. या वेळी तिथे थांबलो नाही. नाव न घेता सगळं सांगितलं. दार, मफलर, चौकटीतली गोळी, तळ्यातलं गाठोडं. एक आजीबाई पदराने डोळे पुसत होत्या. मला वाटलं, चला, या वेळी नीट पोचलं.

खाली पार्किंगमध्ये एक बाई माझ्या गाडीपाशी थांबली होती. चाळिशीची, दोन मुलींची आई. नवरा आठवड्याचे चार दिवस प्रवासात असतो, असं म्हणाली.

"काका, फार सुंदर बोललात," ती म्हणाली. "मला एकच विचारायचं होतं. आम्ही सिटिझन आहोत, त्यामुळे तो व्हिसाचा प्रॉब्लेम नाही. ते पिस्तुलाचं परमिट कुठे अप्लाय करायचं?"

मी तिच्याकडे बघितलं. मागे गाडीत तिच्या मुली बसल्या होत्या.

"शेरीफच्या ऑफिसात," मी म्हटलं. "सोमवार ते शुक्रवार."