नानांची गाडी आणि माझी मोटार

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नाहीतर मध्येच चहा नाकात जाईल. घोळ मी आयुष्यात बरेच घातलेत, पण बाकीचे निदान घरातल्या घरात मिटले. हा सगळ्या सोसायटीसमोर झाला, आणि तोही प्रोजेक्टरवर.

आमची सोसायटी नोएडातली. नावात ‘ग्रीन्स’ आहे आणि झाडं कुंड्यांत आहेत. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो आणि आल्या आल्या मी दोन कामं केली. सासऱ्यांना कायमचं राहायला आणलं आणि घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं.

लिनक्स ठाऊक नसेल तर थोडक्यात सांगतो. विंडोज कॉम्प्युटर चालवतं, तसंच हेही चालवतं, पण फुकट. आणि ते वापरणारा माणूस ही गोष्ट पहिल्या भेटीतच तुम्हाला सांगतो. मी लिफ्टमध्ये सांगायचो. माधवी, म्हणजे माझी बायको, म्हणायची, “श्रीकांत, लोक तुला बघून जिन्याने जायला लागलेत यार.”

पूर्वी लोक मला एकाच प्रश्नात गप्प करायचे. गेम्स चालतात का त्याच्यावर? चालायचे नाहीत, काय बोलणार? पण मग दिवस पालटले. गेम्सच्या सीडी गेल्या, ऑनलाइन दुकानं आली. एकदा विकत घेतलं की गेम तुमच्या खात्यात जमा. कुठल्याही कॉम्प्युटरवर त्या खात्याने लॉग-इन करा आणि खेळा. त्यात मी ज्या दुकानातून घ्यायचो, त्यांनी अशी काही करामत केली की विंडोजचे गेम्स लिनक्सवर धावायला लागले. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

त्याच खात्यात मी नानांसाठी, म्हणजे सासऱ्यांसाठी, रेल्वेचं इंजिन चालवायचा गेम घेतला होता. नाना केंद्र सरकारच्या मंत्रालयातून अंडर सेक्रेटरी म्हणून रिटायर झालेले. लक्ष्मीबाई नगरात आमच्याकडे असताना संध्याकाळी फिरायला निघाले की त्यांना चार पावलांवर ओळखीचं कुणी ना कुणी भेटायचं. इथे बाल्कनीतून समोरची बाल्कनी दिसायची, बस. माणूस कोमेजत चालला होता आणि मला ते बघवत नव्हतं.

गाडी हातात आली आणि नाना खुलले. कुठल्याशा बर्फाळ देशातले डोंगर, बोगदे, नावं उच्चारता येणार नाहीत अशी स्टेशनं. नाना इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. “ड्यूटीवर बनियनमध्ये जात नाहीत,” असं म्हणायचे. शेवटच्या स्टेशनात गाडी वेळेवर न्यायची, एवढाच त्यांचा ध्यास.

मी त्यांना सगळं शिकवलं. एक गोष्ट जरा जास्तच शिकवली.

“नाना, लिनक्सवर मेसेज फार येतात. वाचत बसू नका. ‘तरीही चालू करा’ असं बटण असतं, ते सरळ दाबायचं.”

“अहो श्रीकांतराव, न वाचता मी जन्मात कुठल्या फाइलवर सही केली नाही.”

“ही फाइल नाही नाना, गेम आहे.”

त्यांना ते पटलं नव्हतं. पण जावयाचा मान म्हणून त्यांनी बटण दाबलं.

आता क्लबरूमकडे चला. तिथे मुलांसाठी कॉम्प्युटर ठेवायचा होता. सोसायटीचे अध्यक्ष खुरानाजी म्हणाले, माझ्या मेहुण्याचं नेहरू प्लेसला दुकान आहे, विंडोज टाकून नवाकोरा आणू. मी मीटिंगमध्ये उठून उभा राहिलो. कशाला उभा राहिलो, देव जाणे. म्हणालो, सोसायटीच्या ऑफिसात जुना पडून आहे, त्याच्यावर लिनक्स टाकतो, सगळे गेम्स चालतील, रविवारी सकाळी करून दाखवतो.

“और नहीं चला तो?” खुरानाजींनी विचारलं.

“तो मेरे घर के कंप्यूटर पर भी विंडोज डाल दूँगा. आपके सामने.”

सगळी मीटिंग माझ्याकडे बघायला लागली. माधवीने कपाळाला हात लावला.

रविवार उजाडला. क्लबरूम गच्च भरलेली, पुढे सतरंजीवर मुलं, मागे खुर्च्यांवर आईबाप. खुरानाजी मेहुण्यालाच घेऊन आले होते. मी माझ्या खात्याने लॉग-इन केलं, मोटारींच्या शर्यतीचा गेम लावला. मध्ये कसलासा मेसेज आला, मी सवयीने बटण दाबलं आणि भिंतीवर लाल मोटार सुसाट निघाली. मुलं ओरडायला लागली. मी मेहुण्याकडे असं बघितलं की बस.

तेवढ्यात फोन वाजला. घरून नाना.

“श्रीकांतराव, गाडी बंद पडली. बोगद्यात शिरली आणि गेमच गेला.”

“पुन्हा चालू करा नाना.”

“मेसेज आलाय काहीतरी.”

“वाचू नका. दाबा.”

फोन खिशात टाकतोय तोवर भिंतीवरची मोटार गायब. नुसता निळा पडदा.

“कुलकर्णी जी, गई?” खुरानाजी म्हणाले.

“व्होल्टेज,” मी म्हणालो. आत्मविश्वास बघा. मी गार्डला पाठवून जनरेटर लावायला सांगितला. त्या अदलाबदलीत बी टॉवरची लिफ्ट अडकली आणि तिच्यात कोण? माधवी, सगळ्यांसाठी समोसे घेऊन येत होती. तिला बाहेर काढलं. समोसे गार झाले होते आणि ती तापली होती.

मी पुन्हा गेम लावला. मेसेज, बटण, मोटार सुसाट. आणि फोन.

“अहो, पुन्हा गेली गाडी. आज वेळेवर चाललो होतो हो मी.” नानांचा आवाज रडवेला झाला होता. मला फार वाईट वाटलं. घाईतही मी त्यांना धीर दिला.

“नाना, हार मानायची नाही. जितक्यांदा बंद पडेल तितक्यांदा चालू करा. बिल्कुल सोडू नका.”

काय सल्ला दिला बघा! नानांनी तो तंतोतंत पाळला. निळा पडदा.

आता मी इंटरनेटवर घसरलो. मग प्रोजेक्टर खराब आहे म्हणालो. तो खुरानाजींचा निघाला. मग मी स्क्रीनवर काळी खिडकी उघडून तिच्यात आज्ञा टाइप करायला लागलो. त्या कशासाठी होत्या, ते मलाही माहीत नव्हतं, पण हात चालते ठेवणं भाग होतं. मेहुणा खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढून आईबापांना वाटायला लागला. माझ्या घरात विंडोज येणार हे मला दिसत होतं.

शेवटचा प्रयत्न म्हणून गेम लावला. बटण दाबलं, मोटार निघाली आणि पुन्हा फोन. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून मी तो स्पीकरवर टाकला.

“श्रीकांतराव, माफ करा,” नानांचा आवाज क्लबरूमभर घुमला, “पण या वेळी मी मेसेज वाचला.”

“नाना, आत्ता नको…”

“ऐका तर. इंग्रजीत आहे, मराठीत सांगतो. ‘हे खातं दुसऱ्या कॉम्प्युटरवर वापरात आहे. तिथे मोटारींच्या शर्यतीचा गेम चालू आहे. तुम्ही इथे गेम सुरू केलात तर तिथला बंद होईल.’ सगळं स्वच्छ लिहिलंय. आता मला सांगा, आपल्या खात्यावर मोटार कोण चालवतंय?”

मी स्टिअरिंगच्या बटणांवरून हात काढला.

मागून माधवीच्या हसण्याचा आवाज आला. तिने खुरानाजींना हिंदीत सगळं समजावलं. म्हणजे मी मोटार सुरू केली की नानांची गाडी बंद, नानांनी गाडी सुरू केली की माझी मोटार बंद, आणि नानांना ‘पुन्हा चालू करा’ सांगणारा मीच. खुरानाजी फोनजवळ वाकले.

“अंकल जी, मोटर तो हमारे कुलकर्णी जी चला रहे हैं.”

नानाही हिंदीवर आले.

“तो उनसे कहिए, मेरी गाड़ी को रास्ता दें. आख़िरी स्टेशन से ज़रा ही पहले हूँ. फिर से चलाता हूँ.”

खुरानाजींनी माझा हात धरून मला बाजूच्या खुर्चीत बसवलं. मग सगळी क्लबरूम निळ्या पडद्याकडे बघत नानांची गाडी ऐकत बसली. सिग्नल मिळाला, नाना सांगत होते. आता उतार आहे. ब्रेक लावतोय. मुलं फोनजवळ सरकली, मेहुणाही सरकला. शेवटी नाना म्हणाले, “पहुँच गए. समय पर,” आणि अख्ख्या खोलीने टाळ्या वाजवल्या. इतके दिवस या सोसायटीत कुणी त्यांना नावाने ओळखत नव्हतं हो. मला भरून आलं, अगदी त्या अवस्थेतही.

त्यानंतर माझी मोटार अडथळ्याशिवाय धावली, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. खुरानाजींनी निकाल दिला.

“लिनक्स पास. कुलकर्णी जी फ़ेल. कंप्यूटर यही रहेगा, पर पासवर्ड अंकल जी के पास.”

आता नाना रोज शर्ट घालून क्लबरूममध्ये जातात. मुलं त्यांच्याभोवती बसतात. खाली जाताना कुणी ना कुणी भेटतं, त्यामुळे पोचायला उशीर होतो. खातं मात्र अजून माझंच आहे, कारण गाडी त्यातच आहे.

परवा सुटी होती, म्हणून घरी मोटार लावायला बसलो. मेसेज आला. या वेळी शेवटपर्यंत वाचला आणि नानांना फोन केला.

“नाना, अजून किती वेळ?”

“शेवटचं स्टेशन यायचंय,” नाना म्हणाले. “तोवर तो मेसेज पुन्हा एकदा वाचा.”