आपोआप बंद होणारी इस्त्री

आमच्या घरात इस्त्री बाबा करायचे. बाबा म्हणजे माझे सासरे. मुंबईतल्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर तिथली खोली विकून त्यांनी वसईत हा फ्लॅट घेतला होता. सासूबाई गेल्यावर घरातलं हे एकच काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं. माझ्या साड्या, नवऱ्याचे शर्ट, स्वतःचे सदरे, उशांचे अभ्रेसुद्धा. जेवणाच्या टेबलावर घोंगडी, तिच्यावर जुनी चादर, बाजूला पाण्याची वाटी. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे आमचा एक कपडा कधी गेला नाही.

त्या वर्षांत वसईत दुपारची लाइट रोज जायची. कधी येईल याचा भरवसा नसे. आणि त्याच सुमारास बाबा विसरायला लागले होते. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग गॅसवरचं दूध. आम्ही नवराबायको त्याबद्दल आपसात बोलायचो, त्यांच्याशी नाही.

मी जवळच्याच एका शाळेच्या ऑफिसात काम करायचे. एका दुपारी घरी आले तर पाचूबंदरची आमची नेहमीची मासेवाली टोपली जिन्यात ठेवून आमचं दार ठोठावत होती. मला बघताच म्हणाली, "कोन हाय आत? काय तरी जलतंय."

वास मलाही आला. बाबा आत असतील या भीतीनं कुलपात किल्ली बसेना. दार उघडलं तर बाहेरची खोली धुरानं भरलेली. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला आणि आतल्या खोल्या पाहिल्या. बाबा नव्हते. तोवर मासेवालीनं फडक्यानं इस्त्री फरशीवर ढकलली, धुमसणारी घोंगडी ओढत मोरीत नेली आणि वर बादली ओतली. टेबलाला इस्त्रीच्या आकाराचा काळा खड्डा पडला होता.

थोड्या वेळानं बाबा आले. लाइट गेली म्हणून ते होळी बाजारातल्या भाजीवालीकडे गेले होते, आणि मागे ती परत आली होती. हातातल्या पिशवीत वांगी होती. पिशवी खाली ठेवून ते टेबलाजवळ गेले. मग म्हणाले, बटण तर मी बंद केलं होतं.

संध्याकाळी नवरा आला. त्यानं आवाज चढवला नाही, पण ती इस्त्री पोत्यात बांधून माळ्यावर टाकली आणि उद्यापासून कपडे बाहेर द्यायचे असं सांगून टाकलं. बाबा जेवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. बाबा दुपारभर खिडकीत बसून राहायचे. इस्त्रीवाल्याकडून आलेले कपडे ते उलगडून बघायचे आणि पुन्हा तसेच घडी करायचे. स्वतःचा सदरा मात्र त्यांनी बाहेर देऊ दिला नाही. इस्त्रीऐवजी गादीखाली दाबून तोच घालायचे. एका रात्री मी नवऱ्याला म्हटलं की लाइट गेल्यावर बटण तर मीही विसरले असते, तूही. तो म्हणाला, "आपण विसरलो तर आपल्याला आठवतं तरी. त्यांना आठवतच नाही."

मी दुकानांत चौकशी करायला लागले. स्टेशनजवळच्या विजेच्या सामानाच्या दुकानदारानं समजावून सांगितलं की ज्यांना सगळे ऑटोमॅटिक म्हणतात त्या इस्त्र्या तापल्या की थांबतात, निवल्या की पुन्हा तापतात. बंद होत नाहीत. हलवली नाही तर स्वतःहून बंद होणारी वेगळी असते, ती मुंबईहून मागवावी लागेल आणि साधीच्या तिप्पट पडेल. मी मागवायला सांगितली. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो चिडला. एवढे पैसे घालून आपण आगच विकत आणतोय, म्हणाला. पण अडवलं नाही.

इस्त्री आल्याचा निरोप मिळाला तेव्हा बाबांना घेऊन गेले. का ते सांगितलं नव्हतं. दुकानदारानं काउंटरवर आधी एक हलकी, मग एक जड, मग ती महागातली ठेवली. बाबांनी तिन्ही उचलून पाहिल्या. तळावरून बोट फिरवलं, वायर मुळाशी वाकवून बघितली. जड इस्त्रीवर त्यांचा हात थांबला. हिच्यात दम आहे, म्हणाले, आणि किंमतही रास्त आहे. दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. महागातली का घ्यायची ते कसं बोलावं, मला कळेना.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या तिसऱ्या इस्त्रीकडे. जड इस्त्री त्यांनी बाजूला सरकवली आणि दुकानदाराला शांतपणे म्हणाले, "मी विसरतो. म्हणून ही हवी आहे. द्या."

हे ते पहिल्यांदाच बोलले होते. रिक्षात इस्त्रीचं खोकं त्यांनी मांडीवर धरलं होतं.

नवऱ्याचा विश्वास नव्हता. रविवारी लाइट जायच्या सुमारास त्यानं टेबलावर जुनी चादर अंथरली, इस्त्री तापवली आणि पालथी ठेवून दिली. लाइट गेली. उकाड्यात आम्ही तिघं टेबलाभोवती बसून राहिलो. लाइट आली तसा इस्त्रीचा लाल दिवा पुन्हा लागला. नवऱ्यानं झटकन बटणावर बोट ठेवलं.

"हात काढ," बाबा म्हणाले.

त्यानं हात काढला. चादर तापल्याचा वास यायला लागला. मी पाण्याची बादली जवळ ओढली. बाबा दिव्याकडे टक लावून बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते, बहुधा आकडे मोजत होते. मग इस्त्रीतून बारीक टकटक झाली आणि दिवा गेला. आम्ही वाट पाहिली. तो पुन्हा लागला नाही. नवऱ्यानं इस्त्री उचलली. चादर थोडी पिवळी पडली होती, जळली नव्हती. त्यानं इस्त्री बाबांच्या हातात दिली, आणि बाबांनी लगेच गादीखालचा सदरा आणायला सांगितलं.

पुढे जवळजवळ तीन वर्षं त्यांनी आमच्या कपड्यांना इस्त्री केली. माझी काळजी गेली नाही. रोज घरी येताना जिन्यात मी श्वास ओढून वास घ्यायचे. एकदोनदा इस्त्री पालथी, गार झालेली सापडली. मी ती उभी करून ठेवली आणि कुणाला सांगितलं नाही.

मग एका हिवाळ्यात त्यांना बाह्यांची घडी जुळेना. शर्ट उलटसुलट करत ते उभे होते. नवरा घरीच होता. तो उठला, त्यांच्या हातून इस्त्री घेतली आणि त्यांना शेजारी खुर्ची दिली. त्यानं आयुष्यात कधी इस्त्री केली नव्हती. बाबांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, कॉलर टोकाकडून मधे आणायची, मधून टोकाकडे नाही. नवऱ्यानं कॉलरवर पाणी शिंपडलं आणि पुन्हा टोकापासून सुरुवात केली.