टेकडीची रिकामी बस

१४ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी पाण्याची टाकी धुऊन घेतली. दुपारी टेकडीवरच्या आम्ही काहीजणी भाच्याबरोबर आगारात जाऊन आलो. बस बंद होणार हे नक्की. भाचा जेवला नाही.

मावशीच्या रोजच्या वहीतली ही नोंद. हा भाचा टेकडीच्या बसचा ड्रायव्हर. आईवेगळा पोरगा, मावशीकडेच लहानाचा मोठा झाला. आगारात त्याला सगळे 'काटा' म्हणत, कारण त्याची बस कधी चुकूनही उशिरा सुटत नसे. बाकीच्या ड्रायव्हरांना त्याचा जाच होई. "काट्या, कधीतरी उशीर कर की रे, आमची लाज राख!" असे ते म्हणत आणि हा मिशीतल्या मिशीत हसे.

कंडक्टर केव्हाच गेले होते. त्यांच्या जागी दाराशी एक यंत्र बसले होते. चढताना कार्ड टेकवायचे, की ते 'टुंग' करी. म्हाताऱ्या माणसांना प्रवास फुकट होता, पण कार्ड त्यांनीही टेकवायचे होते. टेकडीवर बहुतेक म्हातारी माणसेच राहत. दवाखाना, बाजार, सगळे खाली. आणि म्हाताऱ्या बायकांचे कार्ड कुठे असते? पिशवीत दुसरी पिशवी, तिच्यात पाकीट, पाकिटात चष्म्याचे घर, आणि कार्ड घरी विसरलेले. तोवर काट्याचा जीव वरखाली. कारण त्याच्यासमोरही एक पडदा लावलेला होता. बस मागे पडली की तो लाल होई, आणि महिनाअखेरीस कोण किती वेळेवर धावले ते आगाराच्या भिंतीवर लागे. काट्याचे नाव नेहमी सगळ्यात वर.

"राहू दे आजी, तुम्हाला फुकटच आहे. बसा आत," असे तो म्हणू लागला. हळूहळू कोणी कार्ड काढीनासेच झाले.

"गुणाचं आहे गं तुमचं पोर," बायका मावशीला सांगत. मावशीची मान ताठ होई.

आणि मग एक दिवस जाहीर झाले की प्रवासी नाहीत, म्हणून टेकडीची बस सोमवारपासून बंद.

"प्रवासी नाहीत? मग आम्ही काय भुतं आहोत?" शिवणकाम करणारी आजी कडाडली. काटाही भडकला होता. सगळ्यांना आगारात घेऊन गेला तो तोच.

आगारप्रमुख बाई तरुण होत्या, बोलायला नम्र. त्यांनी संगणकाचा पडदा सगळ्यांकडे वळवला. "बस चालवायला सरकार जे अनुदान देतं, ते आता माणशी देतं. जेवढी कार्डं टेकली, तेवढीच माणसं धरतात. तुमची बस रिकामी वर जाते आणि रिकामी खाली येते."

"रिकामी? अहो, पाय ठेवायला जागा नसते!" आजी म्हणाली. "यालाच विचारा ना. सोन्यासारखा मुलगा आहे. आम्हाला कधी कार्डसुद्धा काढायला लावत नाही!"

आपण शिफारस केली असे तिला वाटले.

"खरं आहे हे?" बाईंनी काट्याला विचारले.

"हो."

"चांगुलपणा केलात हो, पण नडला." बाई खाली बघत म्हणाल्या. "आकडे वरच्या ऑफिसात गेलेत. माझ्या हातात काही नाही. पुढची मोजणी पुढच्या वर्षी."

बाहेर आल्यावर बायका उलट त्याचीच समजूत घालू लागल्या. "आमच्यासाठीच केलंस रे राजा. मनाला लावून घेऊ नकोस," म्हणत आजीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात त्याला सोसेना. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरे झाले असते.

"तुमच्यासाठी नाही केलं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"तुम्ही पिशव्या चाचपत बसायचात, मला उशीर व्हायचा. भिंतीवर माझं नाव खाली जाईल, म्हणून केलं. दया-बिया काही नव्हती."

आजीने हात काढून घेतला. "दर शुक्रवारी इंजेक्शन असतं माझं, खाली दवाखान्यात. आता कशी जाऊ, सांग."



"एवढं खरं बोलायची काय गरज होती?" दुसरी एक म्हातारी हळूच म्हणाली. "आमच्यासाठी केलंस, एवढं तरी राहू द्यायचंस आमच्याजवळ."

वेळ पाळ, वेळ पाळ, हे लहानपणापासून मावशीनेच त्याच्या डोक्यात भरले होते. शेजारणींच्या तोंडाकडे बघायची तिची हिंमत झाली नाही. परतीच्या बसमध्ये ती सगळ्यात मागे जाऊन बसली, आणि बाजाराच्या थांब्यावर एकटीच उतरली.

मावशीच्या त्या नोंदीत शेवटी एवढेच आहे: बटाटे आणि कांदे दोन महिन्यांचे एकदम आणले. पलंगाखाली कागदावर पसरून ठेवले आहेत.