गजाननरावांना पाठवायचं राहिलेलं उत्तर

गजाननराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये चहाच्या रांगेत उभी होते. फोन त्यांच्या बायकोचा, वहिनींचाच होता. "ताई, सकाळी गेले हो ते," एवढंच त्या म्हणाल्या. मी रांगेत तशीच पुढे सरकत राहिले, चहा घेतला, टेबलापर्यंत आणला... आणि मग आठवलं, त्यांना पाठवायचं एक उत्तर माझ्याकडे लिहून तयार पडलं आहे. बातमी ऐकून पहिलं काय आठवावं, तर हे. माझी मलाच लाज वाटली.

गजाननराव मेहकरचे. पुण्यात ते माझे पहिले सीनियर. आमचं काम सांगायला लागलं की पाहुणे जांभया देतात, म्हणून थोडक्यात सांगते. संगणकाचं आणि डिस्कचं बोलणं घडवून आणणारे प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, आम्ही लिहितो. त्यातही गजाननरावांनी उमेदीची वर्षं घातली ती एकाच प्रश्नात: डिस्क 'जमलं नाही' म्हणाली तर पुढे काय? अशा वेळी तुला काय झालं, हे डिस्कला विचारावं लागतं, आणि आमच्या ड्रायव्हरमध्ये तो प्रश्न पहिल्या कामाच्याच जागेवर लिहिला जायचा. म्हणून पहिल्या कामाचा सगळा तपशील आधी बाजूला जपून ठेवायचा, विचारपूस झाली की जसाच्या तसा परत भरायचा आणि काम पुन्हा सांगायचं. ऐकायला सोपं आहे.

मी नवी असताना सगळं जपलं, फक्त किती मजकूर लिहायचा तो आकडा जपायला विसरले, आणि तिथे विचारपुशीचाच छोटा आकडा राहून गेला. डिस्क सावरली, काम पुन्हा झालं, 'झालं' म्हणून कळवलंही गेलं. प्रत्यक्षात फाइलचा सुरुवातीचा तुकडा तेवढा उतरला होता. चाचणीतच उघडकीला आलं म्हणून निभावलं, पण मी मात्र नोकरी गेली असं धरून बसले होते. गजाननराव खुर्ची ओढून शेजारी बसले. त्यांचे वडील मेहकरला शिवणकाम करायचे, त्यामुळे त्यांचे दाखलेही तिथलेच.

"मॅडम, समजा टेलरची मशीन बंद पडली. त्यानं गिऱ्हाइकाच्या मापाच्या चिठ्ठीवरचं माप खोडलं, त्याच्यावरच पार्टचं नाव लिवलं आन् मेकॅनिकले देऊन देलं. मशीन झाली चालू. आता शर्ट कोन्या मापाचा शिवता?"

मी रडायचं सोडून हसले. वयानं आठ वर्षांनी लहान असून मी त्यांची 'मॅडम' झाले ती तेव्हापासून.

त्यांच्या वऱ्हाडीला मीटिंगमध्ये लोक गालातल्या गालात हसत. मला राग यायचा, त्यांना नाही. "हसू द्या ना. डिस्कले थोडीच पुन्याची मराठी समजते," म्हणायचे. पुढे वडिलांना अर्धांगवायू झाला आणि ते मेहकरला परतले. तिथूनच काम करू लागले. बोलता बोलता लाइन, म्हणजे वीज, जायची, पुन्हा फोनवर आले की मधलं वाक्य जिथे तुटलं तिथूनच पुरं करायचे. एकमेकांचं कोड तपासायचं हा आमचा रिवाज तेवढा अखंड राहिला. चूक काढली तर त्यांना राग येत नसे, उलट दिवसभर अंगात वारं शिरल्यासारखे असत. हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही मी जे केलं ते केलं.

आजाराचं निदान व्हायच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी मला एक छोटी दुरुस्ती तपासायला पाठवली होती. मी ती वाचली. चूक सापडली. डिस्कनं वेळेत उत्तरच दिलं नाही, तर त्यांचा कोड मधूनच बाहेर पडत होता आणि जपलेलं काम परत भरायचं राहून जात होतं. मला जे शिकवलं नेमकं त्यातच चुकले होते गडी! मोठ्या खुशीत मी उत्तर लिहिलं. पाठवणार, तेवढ्यात अकोल्याहून रिपोर्ट आला. स्वादुपिंडाचा कॅन्सर, तोही पसरलेला.

अशा माणसाला चूक कशी दाखवायची? मी उत्तर ठेवून दिलं. रोज मी फोन करायचे. जेवण गेलं का, दुखतंय का, डॉक्टर काय म्हणाले. दोनदा त्यांनी विचारलं, "ते पाह्यलं का?" दोन्ही वेळा मी म्हणाले, "तुम्ही आधी बरे व्हा, मग बघू." दुसऱ्या वेळी ते नुसतं "बरं" म्हणाले... तिसऱ्यांदा विचारलं नाही. मला वाटलं, बरं झालं, विसरले.

त्यांच्या जाण्यानंतर महिन्याभरानं मी मेहकरला गेले. वहिनींनी पुढच्या खोलीत बसवलं, चहा दिला. गजाननरावांचा फोन अजून भिंतीकडे चार्जिंगला लावलेला होता. रोजची सवय, मोडवत नाही म्हणाल्या. मग सहज बोलावं तसं बोलल्या, "दवाखान्यात मले रोज म्हनत, पाह्य बरं मॅडमचा मेल आला का. मी पाहो. नाही म्हनलं की म्हनत, तिनं पाह्यलं असन. चूक सापडली असन तिले. पन आता मले कोनी चूक सांगत नाही."

मी कप खाली ठेवला. मी त्यांना सगळं सांगितलं. दया म्हणून गप्प बसले, हेही. मी त्यांची विचारपूस केली, पण त्यांचं काम त्यांना परत दिलं नाही. वहिनींनी ऐकून घेतलं. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"मंग अजून काऊन ठेवलं?" त्या म्हणाल्या. "धाडा ना."

मी लॅपटॉप उघडला. उत्तर पुन्हा वाचलं. मधल्या दिवसांत एक वाक्य मी मवाळ करून ठेवलं होतं, ते पहिल्यासारखं कडक केलं आणि पाठवलं. भिंतीकडचा फोन वाजला. वहिनी उठल्या, चष्मा लावून त्यांनी पाहिलं, आणि फोन हातात धरून, ते काम करत बसायचे त्या आतल्या खोलीकडे वळल्या.

"अवो, आलं मॅडमचं."