गाडी थांबेल तेवढ्यात मुलगी दाखवणे

वाणिज्य शाखेची पदवी घेऊन मी कर्जतला परत आलो आणि रोज सकाळी स्टेशनवर जाऊन उभा राहू लागलो.

यात वावगं काही नव्हतं. आमच्या कॉलेजच्या वार्षिकात शेवटच्या पानांवर जुन्या विद्यार्थ्यांची खबरबात छापत. कोण कुठे चिकटला, कोणाला बढती मिळाली, कोणाचं लग्न झालं, कोणाला मुलगा झाला. आमच्या वर्गाची खबरबात गोळा करायचं काम एकमताने माझ्यावर आलं, कारण कर्जतला राहणारा मी एकटाच. पुण्याकडे जाणारी प्रत्येक गाडी घाट चढण्याआधी कर्जतला थांबते. घाटासाठी जादा इंजिन जोडतात, आणि ते जोडेपर्यंत माणूस खाली उतरून, चहा पिऊन, घरची ख्यालीखुशाली सांगून आरामात जागेवर परतू शकतो. मी डब्याडब्यांतून डोकावायचो.

"काय गुप्ते, काय विशेष?"

"सोलापूरला चाललोय, मिलमध्ये. हेडक्लार्क!"

"प्रधान, तुझं रे?"

"जुळे झाले." (हे मात्र तो हळूच सांगे.)

माझी स्वतःची खबर दरवर्षी एका ओळीत मावायची: 'वडिलांच्या भातगिरणीत.' तिथेही खुर्चीवर वडील बसत, मी पोत्यावर.

माझी धाकटी बहीण सुमन तेव्हा लग्नाची होती. दोन स्थळं मुंबईहून आली, जेवली, झोपली, पुन्हा जेवली आणि 'कळवतो' म्हणून गेली. ती अजून कळवताहेत. दुसऱ्या खेपेनंतर सुमनने मला बाजूला घेऊन सांगितलं, "दादा, आता एकदाच. यापुढे मी कोणासमोर पाटावर बसणार नाही. नाही जमलं तर पुण्याला जाऊन मास्तरीण होईन." वडील ऐकून गिरणीत निघून गेले. खालापूरच्या आत्याने मात्र ते जिवाला लावून घेतलं. घराण्यात मास्तरीण म्हणजे तिच्या लेखी घर बुडालंच.

अशा वेळी मला कर्णिक आठवला. विमा कंपनीत नोकरी, पुण्याला बदली, अविवाहित. मीच तसं छापायला पाठवलं होतं. सामान घेऊन तो पुण्याला निघणार होता, म्हणजे कर्जतवरूनच जाणार. माझ्यातला पदवीधर जागा झाला.

"पाहुण्यांचा मुक्काम हवाय कशाला?" मी घरात मांडणी केली. "गाडी थांबते तेवढ्यात मुलगी दाखवून टाकू. त्यांचा वेळ वाचतो, आपला खर्च वाचतो."

"मुलगी दाखवायचीय की पार्सल चढवायचंय?" आत्या म्हणाली. पण कर्णिक म्हणजे आपल्यातलेच म्हटल्यावर ती नरमली. तिने एकच अट घातली: आधी तोंड गोड, मग मुलगी. खाजाचे कानवले ती स्वतः करून आणणार आणि मुलाने एक तरी खाल्ल्याशिवाय सुमन त्याच्या नजरेला पडायची नाही.

"कानवला पोटात गेला की नाही म्हणायला जीभ वळत नाही," ती म्हणाली. मागच्या दोन्ही वेळी खाणं नंतर दिलं होतं, म्हणून बिनसलं, असं तिचं ठाम मत होतं.

त्याच सुमारास घाटात विजेच्या तारा आल्या होत्या, आणि कर्णिकच्या गाडीला त्या दिवशी पहिल्यांदाच विजेचं इंजिन येणार होतं. यावर न्हाव्याच्या दुकानात माझं व्याख्यानही झालं होतं. "इंजिन कोळशाचं असो की विजेचं, घाट तोच. घाट तोच, तर थांबा तोच!" अर्ध्या दाढीचे लोकसुद्धा माना डोलवत होते. कर्जतला गाडी हवी तेवढी थांबणार, याविषयी आम्हा कर्जतकरांच्या मनात कधी शंकाच येत नाही.

कर्णिकला पत्राने कळवलं, आणि ठरल्या दिवशी सुमनला नवं लुगडं नेसवून फलाटावरच्या बाकावर बसवलं, आणि आमच्या ओळखीचा हमाल राघो याला तिच्याजवळ उभं केलं. गाडी आली. एका खिडकीत कर्णिकच्या नावाची ट्रंक दिसली. मी आत्याला हात देऊन वर चढवलं, कानवल्यांचा डबा मागोमाग चढवला. आत कोणी नव्हतं. मोरीचं दार तेवढं आतून बंद होतं.

"तोंडबिंड धूत असेल," मी आत्याला म्हणालो आणि दारावर टिचकी मारली. "कर्णिक, आम्ही आलोय रे. आत्याही आल्यात."

"हूं," आतून आवाज आला.

"लाजतोय," आत्या कुजबुजली. "तू तोवर मुलीचं सांग की."

मी दाराला तोंड लावून सांगू लागलो. स्वयंपाक येतो, शिवण येतं, इंग्रजी चार यत्ता झाल्यात, स्वभाव शांत (हे थोडं ताणून). आतून मधूनमधून "बरं, बरं" येत होतं. आत्याने डबा उघडून कानवला ताटलीत काढला. तेवढ्यात शिट्टी झाली.

"चालू दे गं," मी आत्याला धीर दिला, "ही नुसती पहिली शिट्टी." आणि फलाट मागे जाऊ लागला. धूर नाही, धापा नाही, जादा इंजिनाची वाट पाहणं नाही, गाडी आपली सरळ निघाली!

खिडकीतून पाहतो तर बाकाजवळ कर्णिक उभा! एका हातात पाण्याचा तांब्या, आणि समोर सुमन. आम्ही या दाराने चढत होतो तेव्हा तो डब्याच्या दुसऱ्या टोकाच्या दाराने पाण्याला उतरला होता. मी ओरडलो. तो धावलाही चार पावलं, पण गाडी आता कोणासाठी थांबायला तयार नव्हती.

मोरीचं दार उघडलं. बाहेर आला तो तिकीट तपासनीस.

"मुलगी चांगली दिसते तुमची," तो हात पुसत म्हणाला. "तिकिटं?"

तिकिटं कुठली? आत्याने ताटली पुढे केली. त्याने दोन कानवले खाल्ले, मनापासून तारीफ केली आणि दंडाची पावती फाडली. जीभ वळत नाही हा आत्याचा सिद्धांत तिथेच निकालात निघाला.

कर्णिकची ट्रंक घेऊन खंडाळ्याला उतरलो. परतीची गाडी दुपारची होती. आत्या सामानाच्या हातगाडीवर टेकली आणि रडू लागली. "माझ्या कानवल्यांपायी पोरीचं वाटोळं झालं रं दत्तू. परक्या पुरुषाबरोबर फलाटावर एकटी सोडून आलो तिला." मलाही मनापासून भीती वाटत होती. शेवटचीच संधी सुमनने दिली होती, आणि तीही माझ्या हुशारीने मातीत घातली. गावात बोलायला लोकांना निमित्त लागत नाही, इथे तर मी ते ताटात वाढून दिलं होतं.

कर्जतला परतलो तर बाक रिकामा. राघो तेवढा होता.

"ताई कुठाय?"

"घरला गेली की. पाव्हनं बी गेलं."

"दोघंच?" आत्याला धाप लागली.

"नाय वो. मी हुतो ना मागं, तांब्या घिऊन. लई बोलत हुती दोगं. वाट सरली तरी बोलनं सरंना."

घरी ओटीवर कोट काढून कर्णिक बसला होता, समोर वडील. सुमन आतून पाणी घेऊन आली, ती नजर वर ठेवून. आत्याने तिला हाताला धरून माजघरात नेलं. मीही मागे गेलो.

"काय विचारलंन् गं त्याने?"

"त्यांनी काही नाही. मीच विचारलं," सुमन म्हणाली. "पुण्यात मला शिकू द्याल का, म्हटलं. हो म्हणाले."

"आणि कानवला?"

"वरण-भात खाल्ला, आत्या. वाढलेलं सगळं संपवलं."

आत्याने कानवल्यांचा डबा फडताळात ठेवला. मग म्हणाली, "बरं झालं गाडी लवकर सुटली." मला फार बरं वाटलं, आणि थोडं वाईटही, कारण या लग्नात माझं कर्तृत्व एवढंच होतं की मी तिथे नव्हतो.

लग्नानंतरच्या दिवाळीत कर्णिक आमच्याकडे बसून वर्गाची खबरबात माझ्या वतीने लिहून देत होता. गुप्ते मॅनेजर झाला होता, प्रधानला आता तिसरा. प्रत्येकजण कुठे ना कुठे वर चढला होता. माझ्या नावाशी येऊन त्याची लेखणी थांबली.

"तुझं काय लिहू, दत्तू?"

"लिही," मी म्हणालो, "यंदा खंडाळ्यापर्यंत चढले. विनातिकीट."